विनाशिकेचं वजन

नोकरीला लागून बरीच वर्षं झाली तरी महाडात माझ्या कामाबद्दल एकच वाक्य ठरलेलं होतं. "ती जहाजांचं काम करते." आई एवढं म्हणायची आणि लगेच समोरच्याला चहा विचारायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, मी मर्चंट नेव्हीत असेन, नाहीतर मुंबईच्या गोदीत कुठेतरी कारकून. मीही कधी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. खरं म्हणजे मी नौदलासाठी जहाजांचे आराखडे करणाऱ्या दिल्लीतल्या एका कार्यालयात काम करते. गणवेश नाही, साधी नागरी अधिकारी. दिल्लीत बसून जहाजं कसली करता, असं लोक हसून विचारतात. पण प्रत्येक जहाजाची पहिली काही वर्षं कागदावर आणि बैठकांमध्येच जातात, आणि त्याला समुद्र लागत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एका नव्या श्रेणीच्या विनाशिकांचं काम आलं. विनाशिका म्हणजे क्षेपणास्त्रं घेऊन ताफ्याबरोबर जाणारी मोठी लढाऊ नौका. एका आराखड्यावर अशा काही नौका बांधायच्या, म्हणजे ती एक श्रेणी. ही नवी श्रेणी शत्रूच्या रडारला सहजी सापडू नये अशी करायची होती. त्यासाठी जहाजाच्या बाहेरच्या भिंती तिरक्या ठेवतात, उघड्यावर काही लोंबकळू देत नाहीत, दोरखंड, होड्या, जिने सगळं आत झाकून घेतात. यातलं काहीच गुपित नाही, पेपरातही येतं. गुपित असतं ते आकड्यांमध्ये.

माझ्याकडे वजन होतं. क्षेपणास्त्रवाल्यांना जास्त क्षेपणास्त्रं हवी असत, रडारवाल्यांना रडार आणखी उंचावर हवं असे, इंजिनवाल्यांना इंजिनाभोवती मोकळी जागा. आपापल्या परीनं सगळ्यांचंच बरोबर असे. त्या सगळ्यांचं सगळं एका जहाजात घातलं तर जहाज किती खाली बसेल आणि वाऱ्यात किती कलेल, हे मांडायचं काम माझं. जहाजात वर ठेवलेला एक किलो खाली ठेवलेल्या किलोपेक्षा फार महाग पडतो. त्यामुळे बहुतेक बैठकांत मी "हे बसणार नाही" एवढंच बोलत असे. माझे वरिष्ठ, एक निवृत्तीला आलेले शांत गृहस्थ, गमतीनं म्हणायचे, "यांना शेवटी बोलू द्या. आधी बोलल्या तर बैठक संपेल."

मोबाइल बाहेरच्या खणात ठेवून आत जायचं, संध्याकाळी बाहेर यायचं आणि आतलं आतच ठेवायचं. सवय होते. घरच्यांनाही होते. फक्त बाबांना ती झाली नाही.

बाबा महाडच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बाजारात गेले की अजून चार जण वाकून नमस्कार करतात. मी काय करते हे त्यांना ढोबळ माहीत होतं आणि तेवढ्यावर त्यांचं भागत नव्हतं. मी कधी काही सांगायची नाही, म्हणून ते स्वतःच शोधायचे. पेपरात नौदलाची बातमी आली की ती कापून ठेवायची, वाचनालयातून विज्ञानाची मासिकं आणायची. फोनवर विचारायचे, "काय गं, त्या तिरप्या भिंतींचा कोन किती असतो?" मी म्हणायची, "बाबा, पाऊस किती आहे तिकडे?" ते हसायचे. "म्हणजे कोन आहे. बरं."

एका वर्षी गणपतीला मी घरी गेले, तेव्हा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार ठेवला होता. मला आदल्या दिवशी कळलं. शाल, श्रीफळ, दोन शब्द, एवढंच असेल म्हणून मी हो म्हटलं. मंडपात बरीच गर्दी होती. माझं नाव पुकारलं, शाल झाली, आणि सूत्रसंचालकानं सांगितलं, "आता सर आपल्या कन्येच्या कार्याविषयी बोलतील."

बाबा उठले. त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी आमच्या न्हाणीघरातला दाढीचा आरसा आणि एक बॅटरी काढली. मंडपातले दिवे घालवायला सांगितले. आरसा सरळ धरला, त्यावर बॅटरी मारली. प्रकाश उलट त्यांच्याच तोंडावर आला.

"ही बॅटरी म्हणजे शत्रूचं रडार," बाबा म्हणाले. "आरसा म्हणजे जहाजाची भिंत. भिंत सरळ असली की उजेड माघारी येतो आणि जहाज दिसतं. आता बघा." त्यांनी आरसा तिरका केला. प्रकाशाचा गोल मंडपाच्या छतावर झालरीत जाऊन बसला. "आता माझ्याकडे काही आलं का? नाही. जहाज आहे, पण मला दिसत नाही. आठवीच्या पुस्तकातलं आहे हे. आपतन कोन, परावर्तन कोन. माझी मुलगी हेच करते, फक्त आरसा जरा मोठा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका सोपा, इतका नेमका पाठ मी आमच्या कार्यालयातही कधी ऐकला नव्हता. आणि मी तिथे खुर्चीत शाल घट्ट धरून बसले होते, कारण पहिल्या रांगेतले सगळे मोबाइल वर झालेले मला दिसत होते.

दोन दिवसांत ती चित्रफीत गावभर फिरली. कुणीतरी वर मथळा घातला, "महाडच्या कन्येचं गुप्त जहाज". आठवड्याभरात ती दिल्लीला पोचली. मला सुरक्षा विभागात बोलावलं. समोरच्या अधिकाऱ्यानं ती फीत माझ्यादेखत पुन्हा पाहिली. "सर छान शिकवतात," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उपहास नव्हता. मग विचारलं, "यातलं तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" मी म्हटलं, काहीच नाही. ते खरं होतं आणि पुढे तसंच निघालं. पण चौकशी पूर्ण होईपर्यंत मला आतल्या खोलीत जायला मनाई झाली. मी बाहेर जुन्या जहाजांच्या फायली चाळत बसले.

त्या मधल्या काळात एक बैठक झाली. रडारचा मोठा संच घ्यायचा आणि तो डोलकाठीवर आणखी वर चढवायचा, असं तीत ठरलं. मी असते तरी ते थांबलं असतं का, सांगता येत नाही. कदाचित नसतंच. बाबांना मात्र हे मी कधी सांगितलेलं नाही.

चौकशीचं मी त्यांना फोनवर सांगितलं. रागावायचं नाही असं ठरवून फोन केला आणि रागावले. "सगळं पेपरातलंच होतं गं," ते म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, पेपरातलं माझ्या नावानं सांगितलं की ते पेपरातलं राहत नाही." मग ते अगदी सरळ आवाजात म्हणाले, "माझं चुकलं. पुन्हा विचारणार नाही."

आणि खरंच त्यांनी विचारलं नाही. आईनं सांगितलं, कात्रणं काढणं त्यांनी बंद केलं. फोनवर आम्ही पावसाबद्दल बोलायचो, महामार्गाच्या कामाबद्दल, कशेडीच्या बोगद्याबद्दल, गुडघ्याच्या तेलाबद्दल. मला वाटलं होतं, असं झालं तर हायसं वाटेल. तसं झालं नाही. घरातल्या एका खोलीला कुलूप लावावं आणि सगळ्यांनी तिच्यावरून गुपचूप जावं, तसं ते बोलणं झालं होतं.

इकडे चौकशी संपून मी पुन्हा आत जाऊ लागले होते आणि आमची विनाशिका जड होत चालली होती. वर वजन आलं म्हणून जहाज रुंद करायचं ठरलं. रुंद केलं की पाण्याचा विरोध वाढतो, मग इंजिन मोठं हवं. इंजिन मोठं की इंधन जास्त, इंधन जास्त की पुन्हा वजन. तोवर नव्या शस्त्रांची चर्चा सुरू झाली होती आणि त्यांना वीज इतकी लागणार होती, की ठरलेल्या जहाजात ती तयार करायला जागाच नव्हती. महिनोन्महिने मी एकच सांगत राहिले, की हे सगळं हवं असेल तर हे जहाज लहान आहे. शेवटी ते वरपर्यंत पटलं. एका दुपारी वरिष्ठांनी आम्हाला एकत्र बोलावलं आणि सांगितलं की हा आराखडा इथेच थांबवायचा. नवी, याहून बरीच मोठी नौका. सुरुवात पहिल्यापासून.

म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं होतं. सहकाऱ्यांनी माझं अभिनंदनही केलं. आणि मी जागेवर येऊन बसले तेव्हा मला रडू येत होतं. त्या जहाजाचा एकेक कप्पा मला माहीत होता. कुठल्या जिन्याशी डोकं आपटेल, स्वयंपाकघरातून जेवणाच्या खोलीत वरण थंड न होता जाईल की नाही, आजारी माणसाला स्ट्रेचरवरून कुठल्या वळणानं नेता येईल, यावर आम्ही भांडलो होतो. त्यावर राहणारी माणसं अजून भरतीही झालेली नव्हती. सगळी कागदपत्रं शिक्का मारून कपाटात गेली. कुणाचंच काही बुडालं नव्हतं, मग दुःख तरी कशाचं सांगायचं? आणि सांगायचं तरी कुणाला?

मी रजा टाकून महाडला आले. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता. आईनं पहिल्याच दिवशी ओळखलं. "जेवत नाहीस नीट." मी म्हटलं, प्रवासाचा शीण. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि पुन्हा पेपर वर धरला.

चौथ्या की पाचव्या दिवशी ते म्हणाले, "चल, दादाकडे जाऊन येऊ. बरेच दिवस गेलो नाही."

दादा म्हणजे माझे थोरले काका. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला त्यांचं घर आणि शेती आहे. आमच्या घराण्यातली शेती त्यांनीच सांभाळली. बाबा शिकून महाडला आले. मी गाडी चालवत होते, बाबा शेजारी. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो. दरड कोसळल्याच्या जुन्या खुणा डोंगरावर अजून लाल दिसत होत्या. बाबा फक्त "पुढे वळण आहे" एवढंच मधूनमधून बोलत होते.

काका शेतातच होते. भात निघालं होतं आणि त्या ओलीवर वाल पेरायचं चाललं होतं. आम्हाला बघून ते बांधावर आले, हात धुतले आणि माझ्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं विचारलं, "काय गो बाय, जहाज झाला काय तुजा?"

बाबा एकदम पुढे झाले. "दादा, ते तिला विचारायचं नसतं."

"इचारायचा नाय?" काका खरंच गोंधळले. "मंग ती बोलल कशी?"

मला काय झालं कोण जाणे, मी काकांच्याच बोलीत उत्तर दिलं. "नाय झाला, काका."

"मोडला काय?"

"बांधलाच नाय."

"आन् मंग आता?"

"आता नव्यानं. पयल्यापास्ना."

काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर हळहळ होती. एखाद्याच्या घरचा बैल गेल्याचं कळावं तशी. "लय दिवस खपली आसशील," ते म्हणाले. "चल, जेवून घे आदी."

ते "खपली असशील" ऐकलं आणि मी तिथेच बांधावर बसून रडले. चार-पाच वर्षांत ते शब्द मला कुणी म्हटले नव्हते. म्हणायला कुणाला माहीतच नव्हतं. काका घाबरले. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले, गुडघा दुखत असूनही खाली मातीत. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

जेवलो. काकूंनी वालाचं बिरडं केलं होतं. काकू विचारत होत्या की जहाजात बायकापण राहतात का. मी म्हटलं, आता राहतात, त्यांच्यासाठी वेगळ्या खोल्या ठेवाव्या लागतात. "आन् लुगडी वाळत कुठं घालतात?" या प्रश्नावर सगळेच हसले, मीसुद्धा.

परतताना पोलादपूरच्या जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "मघाशी दादाला तू सांगितलंस, ते मीही ऐकलं. चाललं ना मी ऐकलेलं?"

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. माझ्या वडिलांनी, ज्यांनी मला कोन मोजायला शिकवलं त्यांनी, हे असं विचारावं. मी म्हटलं, "बाबा, चाललं. तुम्ही विचारत जा ना काहीतरी. मला सांगता येणार नसेल तर नाही म्हणेन. नाही म्हणायचाच मला पगार मिळतो."

ते हसले. मग विद्यार्थ्यासारखं थोडं चाचरत म्हणाले, "जे पुस्तकात आहे, कुणालाही वाचता येईल असं आहे, तेवढंच विचारलं तर?"

"तेवढं कितीही विचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी न्हाणीघरातला टब भरून अंगणात आणला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात गोटे. गोटे तळाशी असले की डबा निमूट तरंगायचा. मग त्यांनी डब्यावर ताटली ठेवली आणि गोटे तिच्यावर मांडले. डबा डुचमळला आणि उलटला. "का?" त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर थोडंफार माहीत होतं, तरी माझ्याकडून ऐकायचं होतं. मी कागद घेतला. पाणी जहाजाला कुठून वर ढकलतं, जहाज कललं की ती जागा कशी सरकते, आणि गुरुत्वमध्य एका ठरावीक बिंदूच्या खाली असेपर्यंत जहाज कसं स्वतःला सावरतं, हे काढून दाखवलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे कललं तरी चालेल. परत यायची ताकद शिल्लक पाहिजे."

आई दारात उभी राहून बघत होती. "मागे पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आपला फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघरभर फिरत होता, तो याच्यामुळेच का?" आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं आणि मग फ्रिजवर पाऊण तास गेला. उरलेली रजा अशीच गेली. रोज दुपारी एक प्रश्न. कधी उत्तर पुस्तकात असायचं, कधी मी नुसती मान हलवायची, आणि मग ते लगेच पुढच्या प्रश्नाकडे जायचे.

एकदा आईनंच विचारलं, तांदूळ निवडता निवडता. "विनाशिका हे नाव मला आवडत नाही. तू केलेल्या वस्तूनं कुणाचा तरी विनाश व्हायचा, असं मनात येत नाही तुझ्या?" बाबा काहीतरी समजावणार होते, मी त्यांना थांबवलं. येतं, असं तिला सांगितलं. मी ज्या-ज्या जहाजावर काम केलं, त्या प्रत्येकानं भरपूर वर्षं समुद्र राखावा आणि एकही क्षेपणास्त्र रागानं न सोडता म्हातारं होऊन भंगारात जावं, असं मला वाटतं. आई म्हणाली, "सगळ्यांनाच तसं वाटत असेल का, तुझ्या त्या ऑफिसात?" मला माहीत नव्हतं. बहुतेकांना वाटत असावं, असं मी म्हणाले. तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही पुरतं झालेलं नाही. आईचा तो प्रश्न मी सोडवू शकले नाही. तो घेऊनच काम करते.

आता नव्या नौकेचं काम सुरू होऊन बराच काळ झाला. वरिष्ठ निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मी बसते. ही विनाशिका पहिलीपेक्षा पुष्कळ मोठी आहे, एवढं पेपरातही येऊन गेलंय. ती पाण्यात उतरेल तेव्हा मी निवृत्त झालेली असेन. आई-बाबा असतील की नाही, हा विचार मनात आला की मी तो पुढे जाऊ देत नाही.

पहिल्या बैठकीत मी शेवटपर्यंत थांबले नाही, सुरुवातीलाच बोलले. एकूण वजनातला काही भाग कुणालाच मिळणार नाही, असं सांगितलं. तो अशा गोष्टींसाठी आहे, ज्या अजून शोधल्याच गेलेल्या नाहीत आणि ज्या पुढच्या पिढीतल्या लोकांना या जहाजात बसवाव्याशा वाटतील. खोलीत थोडी कुजबुज झाली. रडारवाल्यांनी लगेच विचारलं, त्यातला थोडासा आत्ता वापरता येईल का. मी नाही म्हटलं. ते पुढच्या महिन्यात पुन्हा आले, क्षेपणास्त्रवालेही आले, सगळे आपापली बाजू नीट मांडतात आणि प्रत्येकाची बाजू खरी असते. मी ऐकून घेते, पाणी देते, आणि त्या वजनाला हात लावू देत नाही.